ओढ्याचं अत्तर

जरा डोळे मिटा. हो, तुम्हीसुद्धा… हसू नका. आता एक लांब श्वास घ्या आणि सांगा, कशाचा वास येतोय? भिंतीच्या चुन्याचा? शेजारच्या घरातल्या फोडणीचा? बरं. तो सगळा पाटीसारखा पुसून टाका. त्या कोऱ्या पाटीवर असं एक गाव आणा, जिथं दोन वर्षं पाऊस धड पडलेला नाही. दुपार आहे. वाऱ्यात धूळ आहे, तापलेल्या पत्र्याचा वास आहे आणि तुरीच्या भुश्शाचाही, कारण हे लातूर आहे. उस्मानाबादमधून निघून लातूर स्वतः जिल्हा झालं, त्याला तीन-चार वर्षंच झालीत. दुकानांच्या पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरवडून रंगाऱ्यांनी ‘जि. लातूर’ लिहिलंय, आणि नवी अक्षरं जुन्यांपेक्षा जरा मोठीच काढलीत. छाती काढून उभी राहिल्यासारखी.

आता डोळे मिटलेलेच ठेवा आणि या गावाच्या गोल बाजारात, गंजगोलाईत या. तिथं एक मुलगी चालली आहे. तिला खडूचा डबा घ्यायचा आहे, बाकी काही नाही. पण एका दुकानासमोरून जाताना आतून गार, गोड वासाचा एक झोत आला आणि तिचे पाय थांबले.

पाटी होती ‘गुरुबसप्पा अत्तरवाले, जि. लातूर’.

सिंधु नगराळे पायरी चढून आत गेली.

गल्ल्यामागं एक तरुण बसला होता. कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि ओठांवर गिऱ्हाईक बघून येतं तसलं हसू. त्याच्या डोक्यावर बसवण्णांची तसबीर होती. तिला ताजा हार घातलेला होता, त्या टंचाईतही.

“या बाई, बसा. काय दाखवू? मोगरा, केवडा, हिना?”

“पाण्याचा वास आहे का?”

“गुलाबपाणी?”

“गुलाबपाणी नाही… पाणी. ओढ्याचं.”

तरुणानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाला, “तुमी शाळेत शिकवता ना?”

“कशावरून?”

“बोटाला खडू हाय.” त्यानं मान तिरकी केली. “मग बाई, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय न्हाई का? पाण्याला रंग नसतो, चव नसते, वास नसतो. मी छड्या खाऊन पाठ केलंय ते.”

“ते पुस्तक मीच शिकवते,” सिंधु म्हणाली. “सगळा घोळ त्याच्यावरूनच झालाय.”

घोळ असा होता. औसा रस्त्याला, गावाबाहेरच्या वस्तीत सिंधुची शाळा होती. तिसरीच्या वर्गात पाण्याचा धडा चालू होता. शिकवता शिकवता ती सहज बोलून गेली, “पण आमच्या किनवटच्या ओढ्याला मात्र वास होता बरं का.” वर्ग हसला. हसली नाही ती नागू. दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, दुसरीला सुतळी. ती उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, पुस्तक खोटं का तुमी खोट्या?”

“दोघंही खरी,” सिंधु म्हणाली. “पुस्तकातलं पाणी शुद्ध असतं, त्यात काहीच मिसळलेलं नसतं. ओढ्याचं पाणी ज्याला ज्याला शिवत येतं, त्याचा त्याचा वास घेऊन येतं. मुळांचा, शेवाळाचा, पानांचा.”

“मग दाखवा की! आमच्या हिरीत निस्ते दगडं हायत. मी कुठं जाऊ हुंगाया?”

आणि सिंधुनं साऱ्या वर्गादेखत कबूल केलं, “निकालाच्या दिवशी तुला ओढ्याचा वास आणून देईन.”

नागू खाली बसली नाही. म्हणाली, “नक्की आणा. निकाल लागला की आमी पुण्याकडं चाललो, बांधकामावर. मी न्हाई यायची परत.”

सिंधु घराण्यातली पहिली शिक्षिका. नेमणूक झाली तेव्हा तिच्या बापानं, मारोतीनं, तिला एकच सांगितलं होतं, “पोरांपुढं शब्द टाकशील तर निभावून दाखव. मोठ्या माणसाला थाप मारली तर तो इसरतो. पोरगं न्हाई इसरत.” आता ती नागू एक मेला, निकालाच्याच दिवशी, जाणार होती, आणि बाई खोट्या की खऱ्या हे बरोबर घेऊन जाणार होती.

हे सगळं ऐकताना दुकानातला तरुण एकदाही हसला नाही. त्याचं नाव शरणप्पा. गुरुबसप्पांचा एकुलता एक.

“आमच्या दुकानातून आजवर कुणी रिकाम्या हातानं गेलं न्हाई,” तो म्हणाला. “हात करा पुढं.”

लग्नात मांडवाच्या दाराशी पाहुण्यांना लावतात तसं त्यानं काडीनं तिच्या हाताच्या पाठीवर एक रेघ ओढली. सिंधुनं हुंगलं.

“हा वाळा. हा कचेरीचा वास आहे. नव्या साहेबांच्या खिडकीला ताट्या लावल्यात, तिथला.”

त्यानं दुसरं लावलं. “हा?”

“हा केवडा. हे लग्न.”

“लग्न नको?” शरणप्पानं अगदी निरागस चेहऱ्यानं विचारलं.

“सध्या पाणी हवंय,” सिंधुही तेवढ्याच निरागसपणे म्हणाली.

तिसऱ्या वेळी मात्र ती थबकली. लिंबाच्या सालीचं तेल होतं ते. “हां… हा जवळ आला. पण हे बाजारातलं लिंबू आहे. ओढ्यावरचं नाही.”

“ओढ्यावर लिंबू असतंय?”

मग सिंधुनं त्याला सांगितलं. किनवटच्या जंगलात तिच्या बापाची रोशा गवताची भट्टी होती. गवत उकळायचं, वाफ बांबूच्या नळीतून ओढ्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची आणि वर तरंगणारं तेल व्यापाऱ्याला द्यायचं. भट्टीशेजारी एक रानलिंबाचं झाड होतं, त्याची पानं गळून पाण्यात पडायची. दगडांवर मऊ शेवाळ असायचं. सकाळी ओढ्यात पाय घातला की आधी वास यायचा आणि मागाहून गारवा लागायचा…

शरणप्पानं डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती त्याच्याकडंच बघत होती. तिनं चटकन समोरच्या बाटल्या मोजल्यासारखं केलं.

“पुढं?” तो म्हणाला.

“पुढं काय?”

“ओढा. पुढं कुठं जातो?”

“पैनगंगेला.”

“मग तिथवर तरी सांगायचं ना, बाई. मधीच सोडलं.”

सिंधु त्या दिवशी खडूचा डबा विसरून घरी गेली. तिच्या हाताच्या पाठीवर तीन वास होते, आणि ते एकमेकांत मिसळून काही वेगळंच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी नागूनं बाईंचा हात हुंगला. “बाई, लगीन हाय का कुणाचं?”

“नाही गं. वाचनाचं पुस्तक काढ.”

मग शरणप्पा रोज एक कुपी भरू लागला, आणि शाळा सुटल्यावर सिंधु ती न्यायला येऊ लागली. लिंबू कमी, वाळा जास्त. वाळा कमी, रोशाचं तेल जास्त. पहिली कुपी तिनं नागूच्या नाकाशी धरली.

नागूनं खूप मन लावून हुंगलं. “बाई, हे तर महादेवाच्या देवळावानी हाय.”

दुसरी कुपी. “हे बी देऊळच.”

तिसरी. “देऊळ. पण अभिषेक झाल्यावरचं.”

सिंधुनं हे जसंच्या तसं दुकानात सांगितलं, तेव्हा शरणप्पाच्या भुवया चढल्या. “देऊळ? माझ्या हातच्या मालाला?”

“तुम्ही प्रत्येक कुपीत खाली काय घालता?”

“खाली म्हणजे… चंदनाचं तेल. ते घालावंच लागतंय.”

“का?”

त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं भाकरीला पीठ का लागतं असं विचारलंय. “का म्हणजे? आमच्या आजोबापासून घालतो. चंदन खाली असल्याबिगर वास टिकत न्हाई. उडून जातो. चंदनाबिगर अत्तर म्हणजे पायाबिगर घर.”

“आणि ओढ्याला पाया कशाला लागतो?”

“तुमाला अत्तरातलं कळतं का मला?”

“तुम्हाला अत्तरातलं कळतं,” सिंधु उठत म्हणाली, “पाण्यातलं नाही. तुमच्या घरात, दुकानात, अंगावर, सगळीकडं चंदन आहे. तुम्हाला ते आता येतच नाही. नागूला येतं.”

ती गेली. शरणप्पा गल्ल्यामागं ताठ बसून राहिला. मग त्यानं आपल्याच सदऱ्याची बाही नाकाशी नेली… आणि खरंच, त्याला काहीच वास आला नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीला सिंधु किनवटला गेली. आधी लातूरहून एस.टी.नं नांदेड, पुढं झुकझुक करत जाणारी लहान गाडी. ओढा यंदा रोडावला होता, नुसता एक डोह उरला होता. पण वस्तीत निळ्या पताका लागल्या होत्या आणि घराघरांत लगबग होती. मारोतीनं मुलीला भट्टीवर नेऊन पेंढी दाखवली. “तुझ्यासाठी ठिवली बघ. रोशा. वाळला तरी वास सोडत न्हाई. कामून तोंड पाडलंय? पोरीला दिलेला शब्द अडला व्हय?”

“अडला, बाबा. तेलातून पाणी येईना.”

तिची आई, सरजाबाई, अंगणातून ओरडली, “बोलत काय बसली? डोकं धुवायचं हाय का न्हाई? सनासुदीला तशीच मिरवणार काय मास्तरीण?”

सिंधु दगडावर बसली. सरजाबाईनं वेणी सोडली, डोकं धुतलं आणि शेवटी एका जुन्या बाटलीतलं पाणी तिच्या केसांवर ओतलं. सिंधुनं एकदम श्वास आत ओढला.

“आई! हे काय आहे?”

“काय असणार? भट्टीचं पाणी. तेल वरचं वर व्यापारी नेतो, खाली उरतं ते आमी बाया नेतो. तू ल्हानपणापासून ह्यानंच न्हायलीस. इसरली?”

“थांब, थांब, ओतू नको सगळं!”

“संपलं की ओतून,” सरजाबाई म्हणाली. “सरक आता, माझी साडी भिजंल.”

सिंधु तिथंच, ओले केस चेहऱ्यावर घेऊन, हसत सुटली. इतके दिवस ती आणि शरणप्पा तेलात शोधत होते. आणि ओढ्याचा वास त्या पाण्यात होता, जे कुणी विकत घेत नाही म्हणून बायकांना मिळतं.

ती लातूरला परतली तेव्हा तिच्या एका खांद्यावर रोशाची पेंढी होती आणि पिशवीत रानलिंबाची पानं नि सालं. ती थेट गोलाईत गेली. शरणप्पा एका गिऱ्हाइकाला हिना दाखवत होता. तो बोलता बोलता थांबला. गिऱ्हाईक निघून गेलं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

“हा…” तो हळूच म्हणाला. “हा वास कुठून येतोय?”

सिंधुनं मुद्दाम वेळ लावला. “कुठला?”

“चेष्टा नका करू, बाई. हा… गार. लिंबाचा, पण ओला. ह्याच्या मागं कायतरी हिरवं हाय. कुठून येतोय?”

“माझ्या केसांतून,” सिंधु म्हणाली.

लातूरच्या अत्तरवाल्यांच्या घरातला तो मुलगा, ज्याला शंभर वास नावानिशी ठाऊक होते, तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. त्यानं गल्ला उघडला, काही न घेता बंद केला आणि म्हणाला, “तुमी म्हणाल्या ते बरोबर होतं. चंदन… मला येतच नव्हतं.”

“माहीत आहे.”

“माहीत हाय म्हणू नका, ‘असू दे’ म्हणा. माणूस माफी मागून राहिलाय.”

“असू दे,” ती म्हणाली, आणि तीही लाल झाली.

शरणप्पाच्या आजोबांची अर्क उतरवायची तांब्याची देग दुकानाच्या माळ्यावर होती. एके काळी लग्नाचं गुलाबपाणी त्या घरातच उतरायचं. आता सगळा माल तयार येतो, म्हणून ती काळी पडून उलटी पडली होती. रविवारी ती देग शाळेच्या अंगणात आली, चिंचेखाली. चिंचेनं घासली तेव्हा सकाळच्या उन्हात ती अशी चमकली की शरणप्पा जरा वेळ नुसता बघत राहिला. “आमचे आजोबा असते तर…” एवढंच म्हणाला.

पण आता खरी अडचण आली. वाफेचं पाणी व्हायला गारवा लागतो. किनवटला ओढा होता. इथं टँकर दिवसाआड यायचा आणि घागरी रांगेत भांडायच्या. सिंधुनं आपल्या वाट्याचं पाणी आणलं होतं. ते अपुरं होतं.

शरणप्पानं सायकलवरून एक घागर उतरवली.

“ही कुणाची?”

“माझी. अंघोळीची.”

“आणि अंघोळ? तुमची लिंगपूजा?”

“गार पाणी वाफेला द्यायचं, गरम झालं की घरी न्यायचं. मग अंघोळ, मग पूजा. थेंब वाया जात न्हाई.” तो हसला. “उलट आयतं गरम पाणी.”

त्यांनी रोशा, पानं नि सालं पाण्यासकट देगेत भरली आणि झाकणाभोवती कणीक थापली. खाली गोवऱ्या पेटवल्या. बांबूच्या नळीचं तोंड ज्या भांड्यात होतं, ते भांडं शरणप्पाच्या अंघोळीच्या पाण्यात बसवलं. मग दोघं चिंचेच्या सावलीत बसून राहिले. आतून खदखद ऐकू यायला लागली. नळीच्या सांध्यावरची कणीक थोडी चिरली आणि बारीक थेंब अंघोळीच्या पाण्यात टपकू लागले. सिंधु धावली, तोही धावला. एकाच चिरेवर दोघांची बोटं पडली.

कुणीच हात काढला नाही.

“कणीक वाळली का?” बऱ्याच वेळानं तिनं विचारलं.

“न्हाई,” तो म्हणाला. “ओलीच हाय अजून. दाबून धरावं लागंल.”

भांडं भरलं. सिंधुनं त्यात बोट बुडवून नाकाशी नेलं. क्षणभर तिला औसा रस्ता, धूळ, पत्रे काहीच दिसेना. मग तिनं ते बोट त्याच्या नाकाशी धरलं. त्यानं डोळे मिटून हुंगलं. फक्त मान हलवली, वरून खाली, सावकाश.

“पण धुराचा वास आहे थोडा,” ती म्हणाली.

“नव्या पाण्याला असतो. तोंडाला फडकं बांधून ठेवायचं, निघून जातो. निकालापर्यंत दुकानात ठेवतो.” तो बाटलीवर फडकं बांधू लागला. गाठ काही बसेना. “सिंधु… बाई… मला एक विचारायचं होतं. म्हणजे तसं विचारायचं न्हाई, सांगायचंच… तुमी नागूला शब्द दिला तसा कुणी मला…”

“थांबा.” सिंधुनं गाठ त्याच्या हातातून घेतली आणि नीट बांधली. “मला कळलंय. पण आधी नागूचं. सगळ्यांचा निकाल एक मेला.”

“आणि मी नापास झालो तर?”

“अभ्यास बघून तर तसं वाटत नाही,” ती म्हणाली, आणि पळाल्यासारखी वर्गात गेली.

आता इथं एक गोष्ट त्या दोघांच्या लक्षात आली नाही, आणि ती तुमच्या लक्षात आली असेल तर शाबास. चिरेतून टपकलेले थेंब अंघोळीच्या पाण्यात पडले होते. शरणप्पानं ती घागर घरी नेली, अंघोळ केली आणि वडिलांच्या शेजारी पूजेला बसला. गुरुबसप्पांचं नाक साऱ्या गोलाईत नावाजलेलं. विभूती लावता लावता त्यांचा हात कपाळावरच थांबला.

“शरण,” ते म्हणाले, “कुठल्या पाण्यानं न्हाऊन आलास?”

शरणप्पाला खोटं बोलता येत नसे.

दोन दिवसांनी सिंधु दुकानात आली तेव्हा गल्ल्यामागं गुरुबसप्पा होते. पांढरा रुमाल, पांढऱ्या मिशा, ताठ पाठ.

“या मास्तरीणबाई. तुमच्या गावचा ओढा आमच्या देवघरात शिरलाय.”

“शरणप्पा कुठं आहेत?”

“उदगीरला धाडलंय, मावशीकडं. चार दिवस हवापालट.” त्यांनी तिच्याकडं रोखून पाहिलं. “तुमी कोणाच्या?”

सिंधुनं पदर सारखा केला आणि सरळ उभी राहिली. “मारोती नगराळेंची मुलगी. किनवटची. बौद्ध आहोत आम्ही.”

“हं.” त्यांनी एका बाटलीचं बूच काढून परत लावलं. “आमच्या दुकानात तीन पिढ्या चंदनाबिगर काही उतरलं न्हाई, बाई. नवं लगेच पचत न्हाई आमाला.”

“मी पचवा म्हणून आले नाही,” सिंधु म्हणाली. “मी काही मागायला आले नाही. फक्त ती फडक्याची बाटली माझी नाही, तुमच्या मुलाचीही नाही. ती एका पोरीची आहे. एक तारखेला ती गाव सोडून जाणार आहे. तेवढी तिला पोचवा.”

“बघू,” गुरुबसप्पा म्हणाले. बाकी काही नाही.

एक मे उजाडला. झेंडावंदन झालं. अंगणात पोरं रांगेनं बसली, पास झालेल्यांच्या तळहातावर सिंधु साखर ठेवत गेली. फाटकाशी नागूची आई पारूबाई बोचकं घेऊन उभी होती. रस्त्यावर ट्रक उभा होता, त्यात आणखी माणसं होती.

नागूची पाळी आली. “पास,” सिंधु म्हणाली.

नागूनं साखर घेतली नाही. ती बाईंच्या दुसऱ्या हाताकडं बघत होती. तो रिकामा होता.

सिंधु तिच्यासमोर खाली बसली. पोरांपुढं उभं राहून खरं बोलणं सोपं असतं, त्यांच्या डोळ्याला डोळा लावून अवघड. “नागू, मी आणला होता वास. खरंच आणला होता. पण…”

फाटकाशी सायकलरिक्षाची घंटी वाजली.

रिक्षातून पांढरा रुमाल बांधलेले गुरुबसप्पा उतरले. मागून शरणप्पा उतरला, त्याच्या खांद्यावर भरलेली घागर. पोरं उठून उभीच राहिली.

“ही घागर शाळेला,” गुरुबसप्पा साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आमचा पोरगा घरातलं अंघोळीचं पाणी गुपचूप इथं घेऊन आला. ते आमच्या घराण्याला शोभत न्हाई. द्यायचं तर उजळ माथ्यानं द्यावं.” मग ते सिंधुकडं वळले. आवाज उतरला. “आधी पाणी द्या बाई. उन्हातून आलोय.”

सिंधुनं शाळेचा पेला भरला. गुरुबसप्पांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि एका दमात रिकामा केला. शरणप्पाच्या खांद्यावर घागर तशीच होती. ती उतरवायची असते, हेच तो विसरला होता.

“आता त्या पोरीचं.” गुरुबसप्पांनी खिशातून कुपी काढली. बाटलीतलं पाणी निथळून, स्वच्छ काचेत, नवं बूच लावून आणलं होतं. “धूर गेलाय त्यातला. मी रोज हुंगून बघत होतो. आमच्या आईचं गाव मांजरेच्या काठी. पोहायला तिथं शिकलो मी. नदीला वास असतो, हे चंदनाच्या धंद्यात पार इसरून गेलो होतो… आणि हा आमचा दिवटा म्हणतो, आप्पा, ज्यांच्या तसबिरीला रोज हार घालता, त्यांनाच एकदा विचारा. विचारलं. त्यांना काय विचारायचं होतं! बसवण्णांनी आठशे वर्सांमागंच सांगून ठेवलंय, माणसात उच्च-नीच न्हाई. मलाच ऐकू यायला उशीर झाला.”

नागूनं बूच काढलं. डोळे मिटले. तिनं हुंगलं, परत हुंगलं, आणि जागच्या जागी एक पाय उचलला… अगदी सावकाश, गार पाण्यात पाय टाकताना उचलतो तसा.

“बाई,” ती डोळे न उघडता म्हणाली, “पाणी गार हाय.”

सिंधुनं तिच्या वेणीची सुतळी घट्ट केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं, आता बाबांना सांगता येईल.

गुरुबसप्पांनी घसा साफ केला. “एक निकाल राहिलाय म्हणे अजून. आमच्या पोराचा. काय झालं मास्तरीणबाई? बाप इथं उन्हात उभा हाय.”

शरणप्पानं घागर खाली ठेवली. सिंधुनं त्याच्याकडं पाहिलं, मग जमिनीकडं, मग पुन्हा त्याच्याकडं. तिसरीची, चौथीची सगळी पोरं तिच्या तोंडाकडं बघत होती, आणि साऱ्या वर्गाला खणखणीत आवाजात कविता म्हणून दाखवणाऱ्या बाईंच्या तोंडून एक अक्षर फुटेना.

मग नागूनं काय केलं?

तिनं हातातल्या कुपीकडं पाहिलं. एवढीशी होती, आणि ती जन्मात परत इथं येणार नव्हती. तिनं कुपी तिरकी करून बूच भिजवलं. ती पहिल्यांदा गुरुबसप्पांपुढं गेली, त्यांचा हात उलटा केला आणि हाताच्या पाठीवर बुचानं एक रेघ ओढली, मांडवाच्या दाराशी ओढतात तशी. मग फाटकाशी जाऊन आईच्या हातावर. मग रांगेतल्या एकेका पोराच्या हातावर, नापास झालेल्याच्या जरा जास्तच. मग शरणप्पाच्या. अंगणभर लिंबाचा, शेवाळाचा, ओल्या गवताचा वास पसरला. सगळ्यांत शेवटी ती सिंधुपुढं येऊन उभी राहिली, तिचा हात हातात घेतला आणि त्यावर बूच नाही, आपलं भिजलेलं बोटच ओढलं.

“बाई,” ती म्हणाली, “आता लगीन हाय ना?”

आणि उत्तराची वाट न बघता, रस्त्यावरचा ट्रक हॉर्न वाजवत असताना, नागूनं कुपीतला उरलेला शेवटचा थेंब स्वतःच्या सुतळीच्या वेणीत जिरवला, रिकाम्या कुपीला बूच घट्ट लावलं आणि ती मुठीत धरून आईकडं पळाली.